डाव्या मडगार्डचा पोचा

गॅरेजचं शटर वर जाईना, तेव्हा आई म्हणाली, "लाथ मार."

आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. अंगात माझा जुना कार्डिगन, कानांवरून मफलर, हातात काठी आणि जिभेवर अजून वॉर्डातल्या सिस्टरची धार. मी लाथ मारली. शटर किंचाळत कमरेइतकं वर गेलं आणि कोंडलेली थंड हवा पायांवर आली. उंदीर, ओला पुठ्ठा, जुनं रेक्झिन आणि या सगळ्याच्या तळाशी पेट्रोलचा एक पुसट वास. तिथे पेट्रोल असणं शक्यच नव्हतं, टाकी केव्हाच गंजून गळून पडली होती. पण मला तो वास आला, आणि क्षणभर मी पुन्हा मागच्या सीटवर मधोमध बसले होते, गुडघे जवळ घेऊन, मांडीवर संत्र्यांची पिशवी सांभाळत.

वाकून आत गेले. बिघडलेला कूलर, पप्पांच्या ट्रंका, नाताळचा काड्या मोडलेला कागदी तारा आणि त्यांच्या मागे ताडपत्रीखाली आमची जुनी गाडी, हेराल्ड. म्हणजे तिचा सांगाडा. इंजिन एका मिस्त्रीने दुरुस्तीला म्हणून नेलं होतं, ते परत आलंच नाही. ताडपत्री ओढली तशी गंजाची पूड उडाली. दारांच्या खालच्या कडा हात लावताच बिस्किटासारख्या चुरत होत्या. तळाचा पत्रा इतका खाल्ला होता की सीटखालून फरशी दिसत होती. एके काळी ती पिस्ता रंगाची होती. आता तो रंग फक्त दारांच्या आतल्या बाजूला, उन्हाने न पाहिलेल्या कोपऱ्यांत, थोडा थोडा उरला होता.

हे घर गुरुग्रामच्या एका जुन्या सेक्टरमध्ये आहे. पप्पांनी निवृत्तीनंतर बांधलेलं, बसकं, एकमजली. दोन्ही बाजूंना आता चार-चार मजले उठलेत, त्यामुळे आमच्या अंगणात ऊन सकाळी येतं आणि जेवणाआधी जातं. पप्पा गेले. मी मागच्या वर्षी नोकरीतून मोकळी झाले आणि आईकडे राहायला आले. गॅरेज उघडलं ते ट्रंका आवरायला. गाडीचं काय करायचं, याचा विचार मी केलाच नव्हता.

तो विचार दुसऱ्यांनी माझ्यासाठी करून ठेवला होता. आमच्या गल्लीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी, खुराना नावाचे सभ्य गृहस्थ, उघडं शटर पाहून लगेच आले. इतक्या जुन्या गाड्यांना या सगळ्या भागात आता रस्ता बंद आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मी बातम्या बघतच नाही. कमिटीचं असं मत आहे की गल्लीत कबाड नको. त्यांच्या ओळखीचा एक माणूस आहे, तो क्रेन घेऊन येईल, आम्हाला काही करावं लागणार नाही. "हटवा दीजिए, मैडम. इसका अब होगा क्या?"

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं. कदाचित मीही ती भंगारात दिली असती. पण 'होगा क्या' हे त्यांनी म्हणताना गाडीकडे नाही, आईकडे पाहिलं. नकळत पाहिलं असेल. आई उन्हात खुर्ची टाकून बसली होती, तिचे हात मांडीवर होते.  मीच म्हटलं, बनवाएंगे. ते म्हणाले, चलाएंगे कहाँ? मी म्हटलं, कहीं नहीं. घर में रखेंगे.

संध्याकाळी माझी मुलगी रूथ ऑफिसमधून फोनवर म्हणाली, "आई, सीरियसली? यार, त्याचा उपयोग काय पण?" मी म्हटलं, काही नाही. आणि ते म्हणताना मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी उपयोगाचीच कामं केली होती.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, जाड हातमोजे आणि तोंडाला मास्क. मी दारांपासून सुरुवात केली. पत्र्यातली वेल्डिंगची आणि ठोकाठोकीची कामं करायला ओमप्रकाशजी नावाचे एक मिस्त्री दर रविवारी यायचे. मधल्या दिवसांत घासायचं काम माझं. गंज घासताना एक वेगळाच आवाज होतो, आधी खरखरीत, मग हळूहळू पातळ होत जाणारा, आणि खाली चांगला पत्रा लागला की एकदम स्वच्छ. तो स्वच्छ आवाज आला की आई खुर्चीतून मान हलवायची. तिची नजर आता अधू झालीय, पण कान शाबूत आहेत. घासता घासता लाल पूड माझ्या मनगटांवर, पापण्यांवर, चहाच्या कपात बसायची. जिभेवर लोखंडाची चव यायची. आणि त्या चवीबरोबर एकेक हिवाळा परत यायचा.

दक्षिण दिल्लीत एक सरकारी कॉलनी होती. पिवळ्या चुन्याची दुमजली घरं, चौकोनात मांडलेली, मधे हिरवळ, आणि चौकोनात शिरायला विटांच्या दोन खांबांचं लोखंडी फाटक. हिवाळ्याच्या सकाळी शेगड्यांचा निळा धूर जमिनीलगत पसरलेला असायचा. बायका चारपाया उन्हात ओढून मटार सोलायच्या. संत्र्यांच्या साली, तिळाची गजक, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे कोट. सगळ्या भाषा त्या हिरवळीवर एकत्र बसायच्या आणि हिंदीत भांडायच्या.

पप्पा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, आई सरकारी इस्पितळात नर्स. कॉलनीत तिला सगळे सिस्टर म्हणत. गाडी पप्पांनी घेतली असं लोकांना वाटायचं. घेतली होती आईने, परदेशी निघालेल्या एका ऑफिसरकडून. पप्पांनी ती एकदाच चालवली आणि मेंदीच्या कुंपणात घातली. त्यानंतर ते कायम डाव्या बाजूला बसले, मांडीवर ऑफिसची बॅग घेऊन, आणि उतरताना आईला थँक यू म्हणाले. रोज.

आई गाडी शिकली होती नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात. तिथल्या ड्रायव्हरला हिवताप झाला होता आणि लांबच्या वाडीवर एक बाई अडली होती. म्हाताऱ्या डॉक्टरबाईंनी आईला जीपच्या स्टिअरिंगवर बसवलं आणि जाता जाता शिकवलं. बाळ झालं, बाई वाचली, आणि येताना आईने जीप एकदाही बंद पडू दिली नाही. हे ती अजून सांगते. बाळाचं काय नाव ठेवलं ते तिला आठवत नाही, पण घाटातला कुठला गिअर कुठे टाकला ते आठवतं.

रविवारी आम्ही देवळात जायचो. चर्चला आई देऊळच म्हणते, त्यामुळे शेजारच्या पंजाबी मावश्या बुचकळ्यात पडायच्या. उपासना संपली की कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात जायचो. तिथे मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास जिन्यापर्यंत यायचा आणि अनोळखी माणसं ओळखीच्या भाषेत बोलत असायची. तिथेच एका रविवारी, पोह्यांची बशी हातात धरून, सुधाकाकू आईच्या कानाशी लागल्या. सुधाकाकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. गोऱ्या, बारीक, सतत पदर सारखा करणाऱ्या. त्यांचे यजमान, सबनीसकाका, तेव्हा पलीकडच्या टेबलाशी कोणाला तरी दिल्लीच्या राजकारणाबद्दल समजावत होते.

"सिस्टर," काकू म्हणाल्या, "मला शिकवाल?"

आईने काय शिकवू म्हणून विचारलं नाही. तिने फक्त काकूंच्या पायांकडे पाहिलं आणि सांगितलं की या चपला चालणार नाहीत.

मग ते सुरू झालं. नवरे ऑफिसला गेले की आई रात्रपाळीवरून आलेली असायची. झोपायच्या ऐवजी ती गाडी काढायची. पहिल्या सुधाकाकू; मग खालच्या मजल्यावरच्या बलजीत आंटी; मग त्रिचीच्या जयाआंटी. साडीवर कार्डिगन आणि पायांत शाळेच्या मुलांचे कॅनव्हासचे बूट. धुक्याने ओल्या झालेल्या काचा, वर्तमानपत्राने पुसलेल्या. जांभळांच्या रांगांमधला तो रुंद, रिकामा रस्ता, ज्यावर सायकलवाला दुधवाला सोडला तर कोणी नसायचं. आज तिथे सिग्नलला उभं राहून म्हातारपण येतं. माझी सुट्टी असली की मी मागे बसायचे. चोक ओढल्यावर इंजिन आधी खोकायचं, मग गुरगुरायचं, मग सगळा पत्रा बारीक थरथरायचा आणि ती थरथर माझ्या दातांपर्यंत यायची.

आई कधी ओरडली नाही. गाडी बंद पडली की बायका घाबरून मागे बघायच्या, कोणी हॉर्न वाजवतंय का. आई म्हणायची, "मागे बघू नकोस. वाजवू दे त्याला. तू तुझ्या वेळेने चालू कर." बलजीत आंटींना हेच ती मोडक्या पंजाबीत सांगायची. आणि एक नियम सगळ्यांना होता: चुकलं तर सॉरी म्हणायचं नाही, पुन्हा करायचं.

चुका बऱ्याच झाल्या. बलजीत आंटींनी मागे घेताना डिकी कडुलिंबाच्या बुंध्यावर नेली. जयाआंटींनी उजवं दार दुधाच्या केंद्राच्या कठड्याला घासलं. आई पोच्यावर लगेच लाल प्रायमरचा एक हात मारायची, गंज धरू नये म्हणून, आणि म्हणायची, सगळ्यांचं शिकून झालं की एकदम काढू. गाडीवर लाल ठिपके वाढत गेले. बायका हसायच्या, सिस्टरने गाडीला कुंकू लावलंय म्हणायच्या. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. आई त्यांना हात करायची.

मग एका संध्याकाळी सबनीसकाका कॉलनीतल्या दोघांना घेऊन पप्पांना भेटायला आले. मी पलंगावर अभ्यासाचं सोंग घेऊन बसले होते. काका फार शांतपणे बोलले. सिस्टरबद्दल आदर आहे, पण घरोघरी वातावरण बिघडतंय, बायकांना नसत्या सवयी लागताहेत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण. बोलण्याच्या ओघात ते हसून म्हणाले, "एक दिवस पानिपत व्हायचं सगळ्यांचं."

पप्पा चष्मा पुसत होते. म्हणाले, "गाडी तिची आहे, सबनीस. मीही विचारूनच बसतो."

आई चहा घेऊन आली. तिने कप प्रत्येकाच्या हातात दिला, साखर बरोबर आहे का विचारलं. ते गेल्यावर कप विसळत ती मला म्हणाली, "पानिपत कितीसं लांब आहे गं? रजया घ्यायच्याच आहेत."

तो शनिवार अजून माझ्या अंगावर आहे. सबनीसकाकांनी काकूंना जायचं नाही असं सांगितलं आणि ते ऑफिसला गेले. काकू खाली आल्या, कॅनव्हासचे बूट घालून. पाच जणी निघालो: आई स्टिअरिंगवर, तिच्या शेजारी जयाआंटी, मागे बलजीत आंटी आणि काकू, त्यांच्यामध्ये मी. दिल्ली संपली आणि मोहरी सुरू झाली. इतका पिवळा रंग मी एकत्र कधी पाहिला नव्हता. ट्रक अंगावर येऊन बाजूने जायचे आणि हेराल्ड वाऱ्याने हलायची. ट्रकवाले पाच बायका बघून हॉर्न वाजवायचे. बलजीत आंटी काच खाली करून त्यांना अशी काही उत्तरं द्यायच्या की आई माझे कान झाकायची. मधे रस्त्याकडेला थांबून जयाआंटींनी पोळीसारख्या गुंडाळलेल्या डोशांचा डबा उघडला.

पानिपतच्या गल्ल्यांत माग खडखडत होते. भिंतीपलीकडे, डोक्यावर, पायांखाली, सगळीकडे तोच ठेका. कच्च्या लोकरीचा तेलकट वास, रंगाच्या पिंपांची वाफ, दोऱ्यांवर वाळत घातलेले लाल-हिरवे खेस, म्हणजे जाड सुती चादरी. बलजीत आंटींनी भाव केला, म्हणजे दुकानदार शेवटी हात जोडून उभा राहिला. रजयांचा गठ्ठा टपावर चढवून दोरीने बांधला.

परत फिरण्याआधी काकूंना ती जागा बघायची होती. गावाबाहेर, शेतांच्या मधे. तेव्हा तिथे फारसं काही नव्हतं, एक साधासा स्तंभ, बोरीची झुडपं, वारा. काकू पदर घट्ट लपेटून तिथे उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या नमस्कार करतील. त्या म्हणाल्या, "इथून आपली माणसं धड परत गेली नाहीत म्हणतात." मग आईकडे वळून म्हणाल्या, "आपण जाऊ. किल्ली द्या."

आईने सांगितलं, सोनीपतपर्यंत चालव. काकूंनी सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला, पदर कमरेला खोचला. सोनीपत आलं. काकू उतरल्या नाहीत आणि आईने स्टिअरिंग मागितलं नाही. सूर्य धुक्यात लालसर वितळत होता, गाडीत लोकर, संत्री आणि पाच जणींच्या श्वासांची ऊब होती, बलजीत आंटी गुणगुणत होत्या. मला वाटलं होतं मोठं होणं म्हणजे हेच असणार.

कॉलनी जवळ आली तेव्हा बलजीत आंटींनी सुचवलं की कोपऱ्यावर जागा बदलून घ्या, उगाच घरात कटकट नको. काकूंनी मान हलवून नको म्हटलं. आम्ही वळलो. फाटक उघडं होतं आणि फाटकात सबनीसकाका उभे होते, ऑफिसच्या कोटात, हात मागे बांधून. हिरवळीवर आणखी माणसं होती. पप्पाही होते. पुढचं मला तुटक आठवतं. गाडीचा वेग कमी झाला नाही. काका हलले नाहीत. मग स्टिअरिंग डावीकडे फिरलं, विटांचा खांब एकदम मोठा झाला, मोठा आवाज झाला, आणि टपावरचा गठ्ठा घसरून काचेवर आला. आत अंधार.  त्या अंधारात मी काकूंचे हात पाहिले. त्यांनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. शिकवलं होतं तसं, त्याच क्रमाने. मग दार उघडून उतरल्या, गठ्ठ्यातून आपली रजई ओढून काढली, आणि काकांच्या बाजूने जिना चढून वर गेल्या.

काका पुढे आले. वाकून त्यांनी डाव्या मडगार्डवरून हात फिरवला, बराच वेळ. तळहाताला लागलेली विटेची लाल पूड पाहिली. मग तेही वर गेले. वर काय झालं ते कोणालाच कळलं नाही. सोमवारी सकाळी काकू कॅनव्हासचे बूट घालून खाली उभ्या होत्या.

कॉलनीत सगळे म्हणाले, नवशिकी होती, फाटकाकडे बघायचं सोडून नवऱ्याकडे बघत राहिली. आईही तेच म्हणायची, थोडं हसून. मीही आयुष्यभर ही गोष्ट तशीच सांगितली.

ती कॉलनी आता नाही. खांब नाहीत, फाटक नाही, हिरवळ नाही. तिथे काचेचे उंच मनोरे उभे आहेत आणि मधल्या खड्ड्यात अजून क्रेन फिरतात. मी एकदा मेट्रोतून उतरून आमचा चौकोन शोधायला गेले. दिशाच कळेना. जांभळाचं एक झाड ओळखीचं वाटलं, पण जांभळाची सगळीच झाडं ओळखीची वाटतात.

जानेवारीपर्यंत आमच्या गॅरेजमधली हेराल्ड पुष्कळ सावरली. दारांना नव्या कडा लागल्या, तळाला नवा पत्रा बसला. लोक येता-जाता डोकावायचे. कमिटीने मधे एकदा निरोप पाठवला की आवाजाचा त्रास होतो. शेजारच्या चारही मजल्यांवर तेव्हा फरशा कापायचं काम चालू होतं, त्याचा त्रास होत नसावा. मी निरोप घेऊन आलेल्या माणसाला चहा पाजला आणि पुन्हा ब्रश उचलला.

रविवारी रूथ आली होती. ओमप्रकाशजी हातोडी आणि लोखंडी ठोकळा घेऊन डिकीपाशी बसले होते. आई उन्हातून म्हणाली, "आता पोचे काढायला सांग त्यांना." रूथ उठली आणि घरातून फरशी पुसायचं फडकं घेऊन आली. दिल्लीत वाढलेल्या पोरीला पोचा म्हणजे तेच माहीत. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी रूथला डिकीवरचा खळगा दाखवला आणि सांगितलं की मराठीत पोचा म्हणजे हा. तिने बोट फिरवून पाहिलं. कोणी केला, तिने विचारलं. मग मी तिला बलजीत आंटी सांगितल्या, दार दाखवलं, जयाआंटी सांगितल्या, आणि शेवटी डाव्या मडगार्डपाशी आलो तेव्हा पानिपत सांगितलं. ती खाली फरशीवर बसून ऐकत राहिली. तिच्या हातात फडकं तसंच होतं.

सांगून झालं तेव्हा ओमप्रकाशजी डिकी सपाट करत होते. मी म्हटलं, थांबा. हे राहू दे सगळं. रंग द्या, पण पोचे राहू देत.

"काढायला सांग," आई म्हणाली.

मी तिला समजवायला गेले. म्हटलं, त्या बायकांचं आता दुसरं काय उरलंय? बलजीत आंटी गेल्या, जयाआंटी कुठे असतील माहीत नाही, कॉलनीसुद्धा गेली. आईला राग आला. तिला राग आला की ती जास्त हळू बोलते.

"त्या शिकत होत्या तेव्हाच्या चुका आहेत या. नंतर तिघी उत्तम चालवायच्या. बलजीत एकटी अमृतसरला जायची. ते नाही ठेवलंस कुठे, आणि चुका जपून ठेवणार? माझ्या मुलींच्या?"

मी बाजूला झाले. डिकी सपाट झाली, दार सपाट झालं. ओमप्रकाशजी डाव्या मडगार्डकडे वळले तेव्हा रूथ म्हणाली, "सुधाआजी आहेत ना अजून? त्यांना विचारूया."

सुधाकाकू नागपूरला मुलाकडे असतात. सबनीसकाका जाऊन खूप वर्षं झाली. नव्या वर्षाला आई आणि त्या एकमेकींना फोन करतात, तब्येतीच्या चौकशा करतात, ठेवतात. रूथने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला. काकूंचा आवाज बारीक झालाय, पण स्पष्ट आहे. मी सांगितलं, हेराल्ड करायला घेतलीय, पोचे काढतोय. त्यांनी विचारलं, कोणते? मी म्हटलं, डावं मडगार्ड उरलंय.

"त्याला हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "माझा आहे तो."

आई खुर्चीतून उठून काठी टेकत गाडीपाशी आली. "अगं सुधा, तुझा आहे म्हणूनच काढायचा. एकदा चुकलीस तू. पुढे किती सुंदर चालवलीस."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"सिस्टर, मी चुकले नव्हते," काकू म्हणाल्या. "हे मधोमध उभे होते. मी थांबणारच, असं धरून उभे होते. ब्रेक पायाखाली होता माझ्या. मला दाबायचा नव्हता. यांच्या अंगावर घालता येत नव्हती, मग खांबावर घातली."

 ओमप्रकाशजींना भाषा कळत नव्हती, तरी त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" आईने विचारलं.

"तुम्ही ब्रेकवर किती मेहनत घेतली होती माझ्या," काकू म्हणाल्या. "वाईट वाटलं असतं तुम्हाला."

आईने हात पुढे केला. तिला पोचा नीट दिसत नाही. बोटांनी तिने त्याचा काठ शोधला, मग तळ. विटेच्या कडेने पत्र्यात पडलेली उभी घडी अजून तशीच होती. नर्स नाडी बघते तशी तिने बोटं तिथे ठेवली. काकांची मला आठवण झाली, त्या संध्याकाळी बराच वेळ तिथेच हात फिरवणाऱ्या. त्यांना तेव्हाच कळलं असणार. आम्हाला कळायला इतकी वर्षं लागली.

"मग ही चूक नाही," आई म्हणाली. आणि ओमप्रकाशजींकडे वळून, "इसको मत छूना, भैया."

ओमप्रकाशजी कुरकुरले. एवढं काम करून एक खड्डा ठेवला तर लोक त्यांनाच नावं ठेवतील. मी म्हटलं, ठेवू देत. त्यांनी आतल्या बाजूचा गंज मात्र हट्टाने काढला, घडीच्या तळापर्यंत, आणि प्रायमरचे दोन हात दिले.

रंगाच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. आम्ही गाडी ढकलून गॅरेजबाहेर अंगणात आणली, आमच्याच फाटकाच्या आत. रूथने सुट्टी काढली होती. फवाऱ्यातून पिस्ता रंगाचं धुकं उडालं आणि लाल प्रायमर एकेक पट्ट्याने दिसेनासा झाला. टप, दारं, डिकी, सगळं गुळगुळीत, ओलं, चमकतं. डाव्या मडगार्डमध्ये उजेड वेगळा वळत होता. वरच्या मजल्यांवरून बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. एकीने वरून विचारलं की रंग कुठला, आणि मी ओरडून सांगितलं.

खुराना आले, मॉर्निंग वॉकच्या बुटांत, फाटकाबाहेर उभे राहिले. कमिटीचं काय ते बोलतील असं वाटलं, पण ते नुसते बघत राहिले. एक चक्कर नजरेनेच मारली. मग त्यांचं लक्ष मडगार्डवर गेलं आणि ते आपुलकीने म्हणाले, "मैडम, एक डेंट रह गया."

"रह नहीं गया," आई म्हणाली. "रखा है."